बुलेट गरम झाली की स्पार्क गायब (कॉइल, कंडेन्सर बदलून झाले, आता काय?)

बोळातली_बुलेट | सोमवार, रात्री १०:१२

मंडळी, डोकं चालेना झालंय म्हणून धागा काढतोय. सविस्तर लिहितो, नाहीतर दहा प्रतिसाद प्रश्न विचारण्यातच जायचे.

गाडी बुलेट स्टँडर्ड ३५०, १९९४ ची, आमच्या आप्पांची. १२ व्होल्ट, कॉन्टॅक्ट पॉइंटवाली, कास्ट आयर्न इंजिन, गिअर उजवीकडं, ब्रेक डावीकडं. आप्पा गेल्यापासून मी चालवतो. चालवतो म्हणजे काय, दर रविवारी सकाळी कोल्हापूर ते पन्हाळा आणि परत.

त्रास असा की घरातून निघताना दुसऱ्या किकला सुरू होते. रस्त्यात काही कुरकुर नाही. वाघबीळला चहाला थांबतो. चहा पिऊन येतो, किक मारतो, ढिम्म. प्लग काढून हेडला टेकवून बघितला तर ठिणगीच नाही. वीसेक मिनिटं घाम गाळायचा, मग कंटाळून ढकलत डांबरीवर आणायची, आणि तिथं कधीकधी पहिल्याच किकला सुरू! चहावाला आता मला बघितलं की दुसरा चहा न सांगताच टाकतो.

आतापर्यंत प्लग नवा टाकला, कंडेन्सर दोनदा बदलला, पॉइंट सेट नवा, गॅप फिलर गेजनं ०.३५ मिमी. गेल्या आठवड्यात कॉइलही नवी. बॅटरी आठ महिन्यांची, हॉर्न दणकून वाजतो. मिस्त्री म्हणतात, "गरम झाल्यावर कॉइल बसत असणार." नवी कॉइलसुद्धा बसते होय?

चालत्या गाडीला त्रास नाही. हां, मागच्या महिन्यात पेट्रोल पंपावर वळवून घेताना एकदा फटकन बंद पडलेली, पण ते मला वाटतं क्लच सोडताना माझंच चुकलं.

---

तीन_किक_त्रिंबक | सोमवार, रात्री १०:३१

टाकीचं झाकण बघा. झाकणाची हवेची भोकं बुजली की टाकीत पोकळी होते, पेट्रोल उतरत नाही. थोडा वेळ थांबलं की परत उतरतं. आमच्याकडं डिट्टो असंच झालेलं.

---

बोळातली_बुलेट | सोमवार, रात्री १०:३८

त्रिंबकराव, प्लग पेट्रोलनं ओला निघतो आणि ठिणगी नाही, हे वर लिहिलंय की! (ओला असल्याचं लिहिलं नव्हतं, तेवढी चूक माझी.)

---

सह्याद्री_स्वार | सोमवार, रात्री ११:०५

सरळ पॉइंट काढून टाका आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा. २०२४ उजाडून मागं पडलं, अजून पॉइंट घासत बसायचं कशाला?

---

आबा_फिटर | मंगळवार, सकाळी ६:२०

स्वारा, दुखणं कळायच्या आधी डॉक्टर बदलून काय उपयोग. वायरीत दोष असला तर ती इलेक्ट्रॉनिक पेटीपण उपाशीच राहणार.

बोळातल्या, एक सांग. गाडी बंद पडते तेव्हा अ‍ॅमीटरचा काटा (बॅटरीतून किती करंट जातोय ते दाखवणारा) काय म्हणतो? तू सगळं लिहिलंस, काट्याचं काहीच नाही लिहिलंस. कंपनीनं तुझ्या डोळ्यांसमोर मीटर बसवून दिलाय आणि तू खाली वाकून प्लग बघत बसलास.

---

बोळातली_बुलेट | मंगळवार, सकाळी ८:४५

आबा, काटा मध्ये आणून किक मारायची एवढं आप्पांनी शिकवलेलं, म्हणून मारतो. तो मध्ये का आणायचा हे कधी विचारलं नाही. बंद पडल्यावर काटा कुठं असतो हे खरंच बघितलं नाही.

---

आबा_फिटर | मंगळवार, दुपारी १:५०

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, नीट वाच.

तुझ्या गाडीत ठिणगी बॅटरीच्या जिवावर आहे. करंट बॅटरीतून निघतो, फ्यूजमधून वर अ‍ॅमीटरला जातो, तिथनं किल्लीत, किल्लीतनं परत खाली कॉइलला, कॉइलमधून पॉइंटला आणि पॉइंटमधून बॉडीला. पॉइंट मिटलेले असताना करंट वाहतो, कॉइल भरते. पॉइंट उघडले की करंट तुटतो आणि त्या तुटण्यात ठिणगी पडते. कंडेन्सरचं काम काय, तर पॉइंट उघडताना करंट झटक्यात तुटावा, पॉइंटच्या टोकावर फडफडत जळू नये.

आता काटा बघ. किल्ली चालू, पॉइंट मिटलेले, तर काटा उणेकडं ३-४ वर झुकणार. हा कॉइलचा करंट. कॉइलच्या आतल्या जाड वेटोळ्याचा रोध साधारण साडेतीन-चार ओहम, १२ ला भागून बघ, हिशेब जुळतो. पॉइंट उघडले की काटा मध्ये येणार. आप्पांनी सांगितलेलं ते हेच. काटा मध्ये आला म्हणजे पॉइंट नुकते उघडले, पिस्टन दाबावर वर आलाय. तिथनं डीकॉम्प (सिलिंडरमधला दाब सोडणारी दांडी) ओढून कणभर पुढं ढकलायचा, सोडायचा आणि मग अख्खी किक. नाहीतर किक उलटी येऊन नडगी फोडते.

दुखणं शोधायला हाच काटा. प्लग काढून किक हातानं हळूहळू फिरव.

काटा उणे-मध्ये-उणे-मध्ये असा नाचला, तर कॉइलपर्यंत करंट येतोय आणि पॉइंटही काम करतायत. मग दोष पुढं: कॉइलची हाय टेन्शन बाजू, कंडेन्सर, प्लगची वायर, प्लगची टोपी.

काटा उणेकडंच बसून राहिला तर पॉइंट उघडतच नाहीत, नाहीतर हलत्या पॉइंटची फायबरची चकती उलटसुलट बसून तो बॉडीला लागलाय. कंडेन्सर आतून शॉर्ट असला तरी हेच.

आणि काटा मध्येच मेल्यासारखा पडून राहिला तर कुठंतरी रस्ता तुटलाय. घाणेरडे पॉइंट, किल्लीचा स्विच, कॉइलची आतली तार किंवा एखादी वायर.

एक जपायचं. पॉइंट मिटलेले असताना किल्ली चालू ठेवून चहा प्यायला जायचं नाही. कॉइल भाजते, बॅटरी बसते. बघितलं की बंद. आणि प्लगच्या भोकातनं पेट्रोलची वाफ येत असते, ठिणगी बघताना प्लग भोकापासून लांब टेकव.

---

वेंगुर्ल्याचो_झील | मंगळवार, दुपारी २:१५

दंडवत आबा. वाचनखूण साठवली.

---

सह्याद्री_स्वार | मंगळवार, दुपारी ३:०२

आबा, माघार. माझ्या गाडीला अ‍ॅमीटरच नाही, म्हणून ही चैन माहीत नव्हती.

---

दीडशे_सीसी | मंगळवार, सायंकाळी ६:४०

धाग्यात घुसतोय, माफ करा, पण विषय स्टार्टिंगचाच आहे. माझी २००८ ची दीडशे सीसी, सेल्फवाली. बटण दाबलं की सीटखाली नुसतं टक. कधी टक-टक-टक. किकनं सुरू होते. बॅटरी परवाच नवी घातली. मेकॅनिक म्हणतो सेल्फची मोटर गेली. बदलू का?

---

मीटरवाली | मंगळवार, रात्री ९:१०

दीडशे_सीसी, थांबा, मोटर घेऊ नका. साधा मल्टिमीटर आहे का? डीसी २० व्होल्टवर ठेवा. दुसऱ्या कुणाला तरी बटण दाबायला सांगा.

आधी बॅटरीच्या दोन्ही टोकांवर. बटण न दाबता पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. बटण दाबल्यावर ती १० च्या खाली धाडकन कोसळली, तर बॅटरीत दम नाही किंवा मोटर आतून अडकून नको इतका करंट ओढतेय. नवी बॅटरीसुद्धा दुकानात पडून मरगळलेली असू शकते. पण बटण दाबूनही १२.४ वर ढिम्म राहिली, तर मोटरपर्यंत करंट पोहोचतच नाहीये. मग तो कुठं अडलाय ते शोधायचं.

त्यासाठी मीटरच्या दोन सुया रिलेच्या (सीटखाली टक वाजतो तो, मोटरला करंट सोडणारा स्विच) दोन जाड बोल्टवर लावा. बटण दाबून शून्याजवळ आलं तर रिले चांगला. टक वाजूनही १२ च दाखवलं तर रिलेचे आतले संपर्क जळालेत. टक म्हणजे फक्त त्याची कॉइल ओढली गेली, जाड संपर्क जुळलेच असं नाही.

शेवटी, आणि हे बहुतेक कुणी करत नाही, एक सुई बॅटरीच्या मायनस बोल्टवर आणि दुसरी थेट इंजिनाच्या उघड्या धातूवर. रंगावर नाही. बटण दाबून तिथं पाव व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थिंग खराब.

सगळं बटण दाबलेलं असतानाच मोजायचं. करंट वाहत नसताना खराब जोडसुद्धा सुतासारखा सरळ दिसतो.

---

दीडशे_सीसी | मंगळवार, रात्री ९:२२

ताई, धन्यवाद. उद्या मीटर आणतो. अर्थिंगवरून आठवलं, दिवाळीत चासी रंगवून घेतलीय.

---

मीटरवाली | मंगळवार, रात्री ९:२४

मग मी मीटर न आणताही पैज लावायला तयार आहे. :-)

---

तीन_किक_त्रिंबक | बुधवार, सकाळी ११:१५

मूळ धागाकर्त्याला एक शंका. हे सगळं वाघबीळलाच का होतं? घरी गाडी गरम करून, बंद करून, लगेच परत सुरू करून बघितली का कधी?

---

बोळातली_बुलेट | गुरुवार, रात्री ८:५०

त्रिंबकराव, तुमच्या प्रश्नानं वाट लावली. आज कामावरून आल्यावर गंगावेस, रंकाळा करत पाऊण तास हिंडवली. गुडघा भाजेपर्यंत इंजिन तापलं. घरी बोळात आणून लावली, बंद केली, दहा मिनिटं थांबलो. पहिल्या किकला सुरू. परत बंद, परत सुरू. पाच वेळा!

म्हणजे गरम होण्याचा संबंध नाही? की वाघबीळची हवा मानवत नाही हिला? आई म्हणते, आप्पा तिथं थांबत नव्हते म्हणून.

काटासुद्धा बघितला आबा. घरी किल्ली लावली की उणे ४ च्या जरा अलीकडं, किक हळू फिरवली की मध्ये, परत उणे. नाचतोय छान. आता रविवारी वाघबीळला बघतो. मीटर आणि पाना घेऊनच जाणार.

---

वेंगुर्ल्याचो_झील | गुरुवार, रात्री ९:३०

आमच्याकडं खाऱ्या हवेनं कनेक्टर हिरवे होतात. पावसाळ्यानंतर सगळे जोड उघडून पॉलिश पेपर मारून व्हॅसलिन लावतो. पण वाघबीळला खारी हवा कुठून येणार, हा प्रश्न आहेच.

---

बोळातली_बुलेट | रविवार, सकाळी ११:४०

आत्ताच आलो. वृत्तांत देतो.

वाघबीळला थांबलो, चहा घेतला, परत आलो, किल्ली लावली. काटा मध्ये. किक हातानं फिरवली, काटा मध्येच. मेल्यासारखा. आबा म्हणतात तसा रस्ता तुटलेला. पार्किंगचे दिवे लावले तर काटा थोडा उणेकडं हलला, म्हणजे काटा जिवंत आहे, बॅटरीपासून किल्लीपर्यंत करंट येतोय.

आता गंमत. मीटर काढला, कॉइलच्या किल्लीकडच्या बोल्टवर मोजलं तर १२.३ व्होल्ट! म्हणजे कॉइलला करंट मिळतोय. मग तुटलंय कुठं? पॉइंट घाण असतील म्हणून व्हिजिटिंग कार्ड दोन्ही टोकांमध्ये सारून ओढून पुसले. काही फरक नाही. नवी कॉइल आतून तुटलेली म्हणावी तर तीच कॉइल मला इथवर घेऊन आलेली.

अर्ध्या तासानं नेहमीसारखी ढकलत डांबरीवर आणली. पहिल्या किकला सुरू. डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

---

सह्याद्री_स्वार | रविवार, दुपारी १२:१०

१२.३ आलं म्हणजे वायरिंग ठीकच. कॉइल वॉरंटीत असेल तर बदलून घ्या.

---

मीटरवाली | रविवार, दुपारी १२:५५

स्वार, तिथंच फसायला होतं. असहमत.

बोळातली_बुलेट, ते १२.३ मोजलंत तेव्हा पॉइंट मिटलेले होते की उघडे? माहीत नसेल तर तो आकडा सोडून द्या. पॉइंट उघडे असतील तर कॉइलमधून करंट वाहतच नाही. मग मधली वायर केसाएवढी जुळलेली असली तरी मीटर पूर्ण १२ दाखवणार, कारण मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट घेत नाही. नळाचं तोंड बंद असताना पाइपात दाब पुरेपूर असतो, आणि पाइप बुजलेला आहे हे नळ उघडल्यावरच कळतं. तसंच.

म्हणून अशा वेळी मीटरऐवजी बल्ब घ्या. इंडिकेटरचा १० वॉटचा बल्ब, होल्डर, दोन हात वायर. एक टोक इंजिनाच्या बॉडीला, दुसरं कॉइलच्या किल्लीकडच्या बोल्टला. बल्ब जवळजवळ १ अँपिअर ओढतो. लख्ख पेटला तर रस्ता मोकळा. मंद लाल झाला किंवा पेटलाच नाही, तर कॉइलच्या अलीकडं, म्हणजे किल्ली ते कॉइल या टप्प्यात दोष.

मीटरच वापरायचा तर पॉइंट मिटलेले ठेवून मोजा. किल्लीकडच्या बोल्टवर १२ आणि पॉइंटकडच्या बोल्टवर जवळपास शून्य हे निरोगी. दोन्हीकडं १२ म्हणजे पॉइंट बॉडीला नीट लागत नाहीत. दोन्हीकडं शून्य म्हणजे वरून येतच नाहीये.

आता दुसरं. तुमचा पहिला प्रतिसाद परत वाचला. पंपावर *वळवून घेताना* बंद पडली होती. कुठल्या बाजूला वळवताना? आणि वाघबीळला गाडी कुठल्या स्टँडवर लावता? घरी कुठल्या?

---

आबा_फिटर | रविवार, दुपारी १:०५

आयला! बरोबर. पोरीनं धरलं बघ चोराला. मी काटा काटा करत बसलो आणि हे वाक्य तसंच गेलं.

---

बोळातली_बुलेट | रविवार, दुपारी २:३०

थांबा, थांबा.

पंपावर डावीकडं, पूर्ण लॉकपर्यंत.

वाघबीळला टपरीशेजारी उतार आहे, मेन स्टँड लागत नाही. साइड स्टँडवर लावतो, हँडल डावीकडं पडलेलं असतं, आणि तशीच वर बसून किक मारतो.

घरी आमचा बोळ साडेतीन फुटी. हँडल वळवायला जागाच नाही. मेन स्टँड, हँडल सरळ.

आणि डांबरीवर आणतो तेव्हा... ढकलताना हँडल सरळ केलेलं असतं.

जेवण अर्धवट टाकून खाली चाललोय.

---

मीटरवाली | रविवार, दुपारी २:३४

तुमच्या आयडीतच उत्तर लिहिलेलं होतं.

---

तीन_किक_त्रिंबक | रविवार, दुपारी ३:२०

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

बोळातली_बुलेट | रविवार, सायंकाळी ५:४५

बोळातून बाहेर चौकात आणली. किल्ली चालू, पॉइंट मिटलेले, काटा उणे ४ जवळ. हँडल हळूहळू डावीकडं नेलं. पाऊण वळणापर्यंत काटा तसाच. त्यापुढं थरथरला आणि टपकन मध्ये. सरळ केलं, परत उणे ४. पोरं जमली होती, त्यांना वाटलं काहीतरी जादू चाललीय. चार-पाच वेळा करून दाखवलं. खरं तर मलाच खात्री पटत नव्हती.

बल्बही लावला. सरळ असताना लख्ख, डावीकडं पूर्ण वळवल्यावर गप्प.

हेडलाइट काढून वायरिंगचा जुडगा मोकळा केला. हँडलच्या मानेजवळ जिथं जुडगा मागं टाकीखाली जातो, तिथं काळी नळी कडक होऊन तडकलेली. एकेक वायर दोन बोटांत धरून ओढली. सगळ्या ताठ, आणि एक मात्र रबरासारखी ताणली गेली! वरचं प्लास्टिक शाबूत, आत तांबं तुटलेलं. किल्लीतून कॉइलला येणारी हीच. कापून बघितलं तर आतले तंतू हिरवे पडून तुटलेले, टोकं एकमेकांना नुसती टेकलेली.

आता जोड कसा मारू? सोल्डर मारून टेप गुंडाळू का?

---

आबा_फिटर | रविवार, सायंकाळी ६:१०

तिथं सोल्डर नको. सोल्डर वायरीत वर चढतो, तेवढा भाग खिळ्यासारखा ताठ होतो आणि हँडल वळेल तशी वायर त्या ताठ भागाच्या कडेला परत तुटते. सहा महिन्यांनी हाच धागा वर आणशील.

तुकडा जोडायचाच नाही. किल्लीपासून कॉइलपर्यंत अख्खी नवी वायर ओढ, तेवढ्याच जाडीची, बारीक तंतूंची. टोकाला लग (बोल्टला लावायचं धातूचं टोक) नीट दाबून बसव. मानेजवळ जोड येता कामा नये. आणि तिथं सैल ठेव. हँडल दोन्ही लॉकला नेऊन बघ, कुठं ताण येत नाही, फ्रेमला घासत नाही, क्लचच्या केबलखाली चेंगरत नाही, मगच नळी घाल. बाकीच्या वायरीपण त्याच वयाच्या आहेत, त्या वाकवून बघून घे.

एक विचारतो. तिथं जुडगा कशानं बांधलेला होता?

---

बोळातली_बुलेट | रविवार, सायंकाळी ६:१८

प्लास्टिकच्या झिप टायनं. करकचून, फ्रेमलाच.

---

आबा_फिटर | रविवार, सायंकाळी ६:२०

कुणी बांधली?

---

बोळातली_बुलेट | रविवार, सायंकाळी ६:४१

मी. दोन वर्षांपूर्वी हँडलला मोबाइल चार्जर बसवला तेव्हा. वायरी लोंबत होत्या, बऱ्या दिसत नव्हत्या.

---

सह्याद्री_स्वार | रविवार, सायंकाळी ६:५०

म्हणजे दोन कंडेन्सर, एक कॉइल, एक पॉइंट सेट आणि एक प्लग. झिप टायची किंमत धरून एकूण किती झाले?

---

बोळातली_बुलेट | रविवार, सायंकाळी ६:५५

बायको हा धागा वाचते. पुढचा प्रश्न.

---

दीडशे_सीसी | सोमवार, रात्री ८:०५

माझाही निकाल सांगून टाकतो. बॅटरी १२.५, बटण दाबून १२.३. रिलेवर जवळपास शून्य. बॅटरी मायनस ते इंजिन: ९ व्होल्ट! अर्थिंगचा बोल्ट उघडला तर वायरीच्या चकतीखाली छान चकचकीत काळा रंग. रंगाऱ्यानं बोल्टचं भोकसुद्धा सोडलं नव्हतं. पॉलिश पेपरनं धातू दिसेपर्यंत घासलं, बोल्ट आवळला, वरून ग्रीस लावलं. आता सेल्फ असा फिरतो की गाडी पुढं सरकेल. मीटरवाली ताई, पैज जिंकलात. पार्टी उधार.

---

मीटरवाली | सोमवार, रात्री ८:३०

:-) गाडी गिअरमध्ये नाही ना, बघा.

---

वेंगुर्ल्याचो_झील | सोमवार, रात्री ९:००

जुनी कॉइल चांगलीच निघाली म्हणायची. काढलेली फेकू नका.

---

बोळातली_बुलेट | पुढचा रविवार, सकाळी ११:०५

नवी वायर ओढली, आबांनी सांगितली तशी, दोन्ही लॉकला सैल. झिप टाय काढून टाकली, जुडगा आता कापडी टेपनं नुसता धरून ठेवलाय. जुनी कॉइलच परत बसवली, नवी डिकीत फडक्यात गुंडाळून ठेवलीय. जुना कंडेन्सरपण बसवून बघितला, तोही ठणठणीत होता.

आज वाघबीळला साइड स्टँडवर, त्याच उतारावर, हँडल मुद्दाम डावीकडं लॉकपर्यंत. चहा प्यायलो. किल्ली लावली, काटा उणे ४. किक हळू फिरवून मध्ये आणला, डीकॉम्प, आणि एक किक.

चहावाला दुसरा ग्लास हातात घेऊन बाहेर आला. "काय वो, आज लगीच निघालासा?"

परत स्टँडवर लावली आणि तोही प्यायलो.